मासे वाळूत आहेत

"वाळू हलवायची नाही, पंप बंद करायचा नाही, आणि दिसले नाहीत म्हणून घाबरायचं नाही," असं बजावून पाटकर साहेबांनी माशांची काचेची टाकी नंदकिशोरच्या मुलुंडच्या घरात ठेवली आणि ते सपत्नीक दिल्लीला मुलीकडे गेले. नंदकिशोरचा रजेचा अर्ज साहेबांच्या खणात पडून होता. बायकोमुलं आधीच गावी पोचली होती, आणि आई त्याला घेऊनच जाणार म्हणून थांबली होती. तीन वर्षं त्याने गाव पाहिलं नव्हतं. अशा वेळी साहेबांनी हत्ती दिला असता तरी त्याने बाल्कनीत बांधला असता.

टाकीत नुसती वाळू दिसत होती. बोटाएवढे मासे तिच्यात बिळं करून राहतात, असं साहेबांचं म्हणणं. त्यांना पाणी समुद्राचंच लागे, आणि समुद्र काही मुलुंडला नाही. ऑफिस सुटलं की नंदकिशोर कॅन घेऊन जुहू गाठी आणि बसमधल्या लोकांच्या चपला भिजवत घरी येई. दमून त्याचा पार पिट्टा पडला होता.

"ह्या काय रे झिला? वाळूक पाणी घालतंस?" आईने विचारलं.

"आत मासे आहेत गं. खाडीत खरबी मिळते ना, तसलेच."

"खरबी? आणि ती बघीत बसूची?" आईला तो सरळसरळ अन्नाचा अपमान वाटला.

रविवारी तो कॅन घेऊन परतला, तर ताटात माशांचं झकास तिखलं वाढलेलं. दोनदा भात घेऊन तो जेवला. हात धुताना नजर टाकीकडे गेली. वाळू उकरलेली होती आणि टाकीच्या काठावर उलथणं होतं.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "हे मासे कुठले?"

"बाजारातले. मगे खयचे?"

"आणि उलथणं?"

"बघी होतंय, आत खरांच कोण आसा काय. कोणच नाय. तुझ्या सायबान तुका फसवल्यान."

नंदकिशोरला यातलं अक्षरही पटलं नाही. आईवर आळ घ्यावा तर ती चार दिवस अन्नाला शिवणार नाही, आणि न घ्यावा तर साहेबांचे मासे आपल्याच पोटात. रजेची वाट लागली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो मढला गेला, ओहोटीच्या चिखलात उतरलेल्या एका कोळणीच्या हातापाया पडला आणि डब्यातून जिवंत खरबी घेऊन आला. टाकीत सोडल्याबरोबर ती वाळूत शिरली. तेव्हा कुठे त्याला घास गिळवला.

साहेब परत आले ते थेट टाकीसमोर उकिडवे बसले. वाळूतून एक बोथट डोकं वर आलं, मग दुसरं. साहेबांचे डोळे पाणावले.

"दिवाळीनंतर आज दर्शन! नंदकिशोर, हाताला गुण आहे तुमच्या!"

त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. पाणी पिण्याच्या निमित्ताने त्यांनी नंदकिशोरला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांगा, हे कुठून आणलेत? ते दिवाळीतच मेले हो. मीच गुपचूप टाकून दिले. ह्यांचा फार जीव होता, म्हणून सांगत राहिले, वाळूत आहेत."

ओट्याशी आई सरबत ढवळत होती. तिने एकदाच मान वर करून मुलाकडे पाहिलं. नंदकिशोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर तोवर साहेबांचा निर्णय झाला होता. "मासे इथेच राहू देत. तुमच्याकडे रमलेत. आणि रजेचं पुढच्या वर्षी बघू, काय? यांना कोणावर टाकून जाणार?"

पाहुणे गेले. नंदकिशोर टाकीपाशी बसून राहिला. मुलं एसटीच्या थांब्यावर वाट बघत असतील या विचाराने त्याला रडू कोसळायचंच बाकी होतं. आई शेजारी येऊन बसली.

"नंदू, तिखल्याक सोलां भिजत घालू?"

तो उठला आणि उलथणं घेऊन आला.

"घाल," तो म्हणाला.

दोन दिवसांनी टाकी टेम्पोतून अंधेरीला साहेबांच्या घरी गेली. "तुम्ही आमच्याकडून गेलात आणि ते वरच येईनात, साहेब. तुमचीच ओढ लागली त्यांना," नंदकिशोर खाली मान घालून म्हणाला. साहेब विरघळले. तिथल्या तिथे अर्जावर सही झाली.

रत्नप्रभाबाईंनी वाकून टाकीत पाहिलं, मग नंदकिशोरकडे पाहिलं.

"दिसतायत का गं?" साहेबांनी विचारलं.

"आहेत हो," त्या म्हणाल्या, "वाळूत आहेत."