येसूअण्णांची एक तारीख

निपाणीत बिऱ्हाड मांडून मला तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी शेजारचे येसूअण्णा एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून आमच्या दारात आले. गृहस्थांच्या काखेत वळकटी होती.

"मास्तर, हे आमच्या पारूचं मामा," अण्णा म्हणाले. "गडहिंग्लजास्नं आल्यात. आमचं ह्या महिन्याचं पाहुणं संपलं. दोन दिस तुमच्याकडं जेवतील."

एवढं बोलून अण्णा वखारीला निघून गेले. मी उंबऱ्यात तसाच उभा. बेळगावात खासबागेत माझा जन्म गेला, पण पाहुणा असा चालता-बोलता हवाली केलेला मी तोवर पाहिला नव्हता. गंमत म्हणजे मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पाय धुतले, आमच्या पाटावर बसले आणि दुसऱ्या वाढीला म्हणाले, "मागल्या खेपेला मला समोरच्या शिंप्याकडं लावलं हुतं. त्येंच्यापरीस तुमची आमटी बरी हाय."

पुढच्या महिन्यात माझे सासरे बेळगावहून यायचे होते. मी शाळेतून धावतपळत मोटारस्टँडवर गेलो, तर मोटार येऊन गेलेली आणि सासऱ्यांचा पत्ता नाही. तासभर मी निपाणी पालथी घातली. घामाघूम होऊन घरी आलो, तर बायको रडत बसलेली आणि भिंतीपलीकडून सासऱ्यांच्या ढेकरेचा आवाज. येसूअण्णांनी त्यांना स्टँडवरूनच परस्पर उचललं होतं.

"मामाचं दोन दिस तुमचं आमच्याकडं निघत हुतं," अण्णा शांतपणे म्हणाले. "आज फेडून टाकलं. आता आपलं काय न्हाय."

सासरे पिठलं-भाकरी खाऊन तृप्त दिसत होते. मी मात्र आठवडाभर बायकोच्या नजरेला नजर दिली नाही.

येसूअण्णा तंबाखूच्या एका वखारीत कारकून होते. पगार तीस रुपये. एक तारखेला तो हातात पडला की दुपारच्या आत संपलेला असे. वाण्याचं, घरभाड्याचं, लाकूडवाल्याचं, सगळं त्या एकाच दिवशी, पुढच्या महिन्यासाठी आगाऊ. दोन तारखेपासून अण्णांच्या खिशात नुसता रुमाल. "पैसा जवळ असला म्हंजे हाताला खाज सुटतीया," असं त्यांचं म्हणणं. बाकी कशालाही त्यांचा एकच सवाल असे, "तरतूद हाय का?" त्यांच्या बायकोला, पारूआक्कांना, खोकला झाला की आधी तो सवाल. तरतूद असली तर वैद्याची पुडी, नसली तर तुळशीचा काढा. एकदा त्यांच्या दारात कीर्तनकार बुवा आले. अण्णांनी हात जोडले आणि सांगितलं, "बुवा, धर्माची तरतूद पाच तारखेलाच सपली. फुकट ऐकणं पापाचं, तवा आमी आज बसत न्हाय." बुवांनी गेल्या तीस वर्षांत असलं काही ऐकलं नसावं. ते पागोटं सावरत उभेच राहिले.

पण कळस झाला तो पहिल्या दिवाळीला. आमच्या आळीत सगळीकडे पणत्या, चकलीचा वास, आणि अण्णांच्या दारात अंधार. मला वाटलं, सुतक आलं. मी दबक्या पावलांनी विचारायला गेलो.

"सुतक कसलं?" अण्णा म्हणाले. "यंदा दिवाळी सव्वीस तारखेला पडलीया. महिनाअखेर. आमच्याकडं पाच तारखेला हाय."

"अहो, पण सण!"

"पंचांग लिवणाऱ्याला पगार असता तर त्यानं आसं लिवलं नसतं, मास्तर."

आणि खरोखरच पाच तारखेच्या सकाळी, सगळ्या गावाचा फराळ संपून गेल्यावर, अण्णांच्या घरात अभ्यंगस्नान झालं. दारात रांगोळी निघाली. पारूआक्कांनी आम्हाला ताट दिलं. आमची आळी वेड्यासारखी बघत राहिली. पारूआक्का मला हसून म्हणाल्या, "पैल्या वर्षी मी लई रडलेव. आता बरं वाटतंय. शेजारणी सगळ्या मोकळ्या असत्यात, माझी करंजी निवांत खात्यात."

हे सगळं वेड कुठून आलं ते मला पारूआक्कांनीच सांगितलं. आठ-एक वर्षांपूर्वी अण्णांना कारकुनी सोडून व्यापारी व्हायची हौस आली होती. दाजीबा सावकारांकडून त्यांनी आठशे रुपये काढले, तंबाखू घेऊन ठेवला आणि भाव पार कोसळला. आक्कांच्या पाटल्या गेल्या तरी मुद्दल जागच्या जागी. शेवटी दरमहा शेकडा बारा आणे व्याजानं, महिन्याला दहा रुपयांचा हप्ता ठरला. तिसातले दहा गेले की राहिले वीस. त्या वीस रुपयांत ही सगळी तरतूद चाले. एक तारखेला अण्णा काळा कोट घालून, टोपी झटकून सावकारांच्या घरी चालत जात. तोवर एक हप्ता चुकला नव्हता.

मी निपाणीला आल्यानंतर दोन वर्षांनी ते कर्ज फिटलं. त्या दिवशी अण्णा हातात फाडलेला कर्जाचा रोखा आणि पावशेर पेढे घेऊन आले. पेढ्यांसाठी ते तीन वर्षं महिन्याला दोन पैसे बाजूला काढत होते. आळीत घरटी एक पेढा मिळाला. पारूआक्कांनी रोख्याचे तुकडे चुलीत घातले आणि पदरानं डोळे पुसले. मीही भारावलो. म्हटलं, आता हा माणूस जरा सैल होईल. निदान दिवाळी तरी आमच्याबरोबर करील.

पुढची एक तारीख रविवारी आली, म्हणून वखारीचा पगार शनिवारीच झाला होता. मी दारात दात घासत होतो. समोरून येसूअण्णा काळा कोट घालून, टोपी झटकून निघाले. बाजाराच्या अंगाला वळले. सावकारांच्या घराच्या रस्त्याला.

माझ्या हातातला तांब्याच खाली पडला.

पारूआक्का त्याच पावली आमच्याकडे आल्या. चेहरा पांढराफटक. "मास्तर, ह्येंनी परत काढलं वाटतं. मला बोललं न्हाईत. दहा वर्सं मी अंगावर फुटका मणी घातला न्हाय. आता पुन्यांदा दहा वर्सं? माझ्यात न्हाय आता तेवढं बळ. खरं असंल तर मी माह्याराला जाते, कंग्राळीला. भावाच्या शेतात खुरपं धरीन."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू बोलत होत्या. माझी बायको त्यांना धरून बसली आणि मला डोळ्यांनी म्हणाली, जा.

मी गेलो. सावकारांचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, रस्त्याला लागूनच होता. मी कट्ट्याच्या कडेला उभा राहिलो तर आतून गर्जना ऐकू आली.

"येश्या! ह्या खेपेला उशीर का रं?"

दाजीबा सावकार ऐंशीच्या घरातले. डोळे अधू झालेले, पण छाती अजून नगाऱ्यासारखी. समोर आमचे येसूअण्णा, पन्नाशीचे, वखारीत ज्यांना पाहून हमाल उभे राहत ते, मान खाली घालून मांडी घालून बसलेले.

"उशीर न्हाय, दाजीबा. सूर्य आत्ता उगवलाय."

"उलट बोलू नगंस. पैसं आण. अजून दोनशे राहिल्यात तुझ्याकडं."

मला वाटलं आपल्या कानात काहीतरी बिघाड झाला. रोखा मी स्वतः फाटलेला पाहिला होता. आणि अण्णांनी काय करावं? त्यांनी कोटाच्या खिशातून दहा बंदे रुपये काढले आणि एकेक करून म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवले. म्हाताऱ्यानं ते चाचपले, अण्णांना तंबाखूच्या नादी लागल्याबद्दल, कोटाच्या तुटक्या गुंडीबद्दल आणि अंगानं वाळल्याबद्दल यथेच्छ झापलं, मग आत हाक मारली, "गौरा, येश्याला च्या आण. साखर घाल जरा."

चहा पिऊन अण्णा उठले आणि गौरानं खुणावलं तसे घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. मीही मागोमाग. तिथे सावकारांची लेक गौराक्का उभी होती. नवरा वारल्यावर ती माहेरीच असे. तिनं तेच दहा रुपये अण्णांच्या हातावर ठेवले. "बाबांच्या ध्येनातच न्हाय बघा फिटल्यालं. तुमी आलासा, लई बरं झालं."

तेवढ्यात अण्णांनी मला पाहिलं. मी चोरासारखा भिंतीला टेकलेला.

"मास्तर, तुमी हितं?"

"आक्का माहेरी निघाल्यात," मी कसंबसं म्हणालो.

अण्णांची पाचावर धारण बसली. घराकडे धावता धावताच त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं निरोप धाडला होता, की हप्ता घेऊन ये. अण्णा समजवायला म्हणून गेले आणि त्याचा चेहरा बघून त्यांना 'फिटलं' म्हणता येईना. "म्हातारं माणूस, विसरलंय. आपलं काय जातंय? दहा रुपय जात्यात आन् मागल्या दारानं येत्यात. मी ते सोमवारी पोस्टात टाकणार. हातात ऱ्हायलं असतं तर खर्चलं असतं."

"पण मला सांगायला काय झालतं?" पारूआक्का कडाडल्या.

"सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, दहातलं पाच तरी घरात द्या."

आक्का एवढ्या रागातही हसल्या. कर्ज फेडायला दहा वर्षं लागलेला हा माणूस, तेच कर्ज पुन्हा फेडून शिल्लक टाकत होता!

आणि टाकलीन. महिन्यामागून महिना, एक तारखेला शिव्या आणि चहा, दुसऱ्या दिवशी पोस्ट. वर्षाअखेरीला बुकात एकशे वीस रुपये झाले. त्यातून पारूआक्कांनी हट्टानं एक म्हैस घेतली. म्हशीसाठी तरतूद कुठली, म्हणून अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र गोठ्यात जाऊन तिच्याशी बोलताना सापडले. आक्का वखारीतल्या मंडळींना दूध घालू लागल्या. पुढे लढाई लागली, सगळ्या जिनसा महाग झाल्या. आळीतली आम्ही सगळी पगारदार माणसं पंधरा तारखेला वाण्याची नजर चुकवायला लागलो. अण्णांच्या घरात मात्र कोणाचं देणं नव्हतं. मीच एकदा त्यांच्याकडून पंचवीस रुपये घेतले, आणि त्यांनी मला दिवाळी पुढे ढकलायचा सल्ला दिला.

त्याच सुमारास गौराक्का मला शाळेत बोलवायला आली. सावकारांच्या मुलाचं पुण्याहून पत्र आलं होतं, वाचून दाखवायला कोणी नव्हतं. मी गेलो. पत्र चार ओळींचं. कामाचा व्याप आहे, यंदाही येणं जमणार नाही. म्हाताऱ्यानं ते दोनदा वाचायला लावलं. मग गौराक्का आत गेल्यावर माझ्याकडे मान वळवली.

"मास्तर, तुमी येश्याच्या शेजारचं न्हवं? एक सांगतो. त्येला बोलू नगा. माझं डोस्कं शाबूत हाय. रोखा माझ्या हातानं फाडलाय मी."

मी घडी घातलेलं पत्र पुन्हा उलगडलं.

"दहा वर्सं तो एक तारखेला आला. दिलेल्या पैशाचं सोडा, पर दुसरं कोन ह्या सोप्याला चढलं? फिटलं म्हटलं असतं तर तो तरी कशाला येतोय? मागल्या दारानं पैसं परत द्यायला गौराला मीच सांगितलंय."

त्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी गोठ्यात अण्णा म्हशीला वैरण घालत होते. बोलू नका म्हटलेलं माझ्या पोटात राहिना. मी सगळं सांगून टाकलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला वाटलं, हा माणूस आता उडणार.

अण्णांनी वैरणीची पेंढी सोडली, सारखी केली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "दुसऱ्याच महिन्यात कळलं. पैल्या खेपेला म्हनलं, दोनशे राहिल्यात. दुसऱ्या खेपेला म्हनलं, एकशे एक्याण्णव रुपय आठ आणे. तिसऱ्या खेपेला एकशे ब्याऐंशी रुपय पंधरा आणे. आन् संपत आलं की पुन्यांदा दोनशे. मास्तर, ज्येला कर्ज फिटल्यालं आठवत न्हाय, त्येला व्याज पैला पै कसं आठवतंय?"

"मग तुम्ही तरी कशाला जाता?"

अण्णांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"बाप माझा मी पाळण्यात असताना गेला. चुलतं गेलं, मामा गेलं. वखारीत सगळी अण्णासाब म्हणत्यात. ह्या निपाणीत मला 'का रं' म्हणणारा तेवढा एकच राहिलाय."

दाजीबा सावकार त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात गेले. पुण्याचा मुलगा तिसऱ्या दिवशी येऊन पोहोचला. त्याच दिवशी मी शाळेतून परतताना वखारीवरून आलो, तर दारात हमालांचा घोळका जमलेला आणि सगळे आतल्या पेढीकडे टकामका बघत होते. येसूअण्णा आपल्या जागेवर बसून तंबाखूच्या बोदांचे, म्हणजे गठ्ठ्यांचे, आकडे लिहीत होते. डोक्यावर टोपी नव्हती. डोकं भादरलेलं होतं, आणि ओठावरच्या जाड मिशा साफ उतरवलेल्या होत्या.

एका हमालानं धीर करून विचारलं, "अण्णासाब, घरातलं कोन गेलं?"

अण्णांनी मान वर केली नाही.

"थोरलं माणूस," ते म्हणाले, आणि पुढचा आकडा लिहिला.