कौमुदीबाईंनी खालची आळी फत्ते केली ते वर्तमान

श्री ग्रामदेवता समर्थ, तिचे पायी मस्तक ठेवोन लिहिले जाते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, विद्येच्या एका दौलतीत, म्हणजे एका महाविद्यालयी, जे घडले ते येणेप्रमाणे. दौलतीत फौजा उदंड, कोणी क्रिकेटाची, कोणी नाटकाची. परंतु सेवादलाची इभ्रत थोर. सरलष्कर परांडेकर सर, इतिहासाचे अध्यापक, शिस्तीस कठोर आणि पोह्यांस हळवे. दलाचा दंडक ऐसा की, हिवाळी शिबिरी नव्या गड्याने प्रभातफेरीचे अग्रभागी राहोन घोषणा द्यावी आणि गावचा एक तरी असामी झाडू घेऊन घराबाहेर काढावा. काढिला तर छातीस बिल्ला लागावा. न काढिला तर सालभर समारंभाच्या खुर्च्या उचलाव्या. ऐसे खुर्चीबहाद्दर दलात बहुत जाहले होते.

ते साली कौमुदी भालेकर नामे कन्या दलात यावयास उभी राहिली. आवाज इतका बारीक की हजेरीस "हजर" म्हणे आणि गैरहजेरी लागे. परंतु बिल्ल्याचा ध्यास मोठा. शाळेत म्हणा, गल्लीत म्हणा, तिला गड्यांत कोणी घेतलेच नव्हते. आपण कोठे तरी दाखल व्हावे, एवढेच तिचे मागणे होते. मग फौज कूच करोन धानवली गावी पोहोचली आणि मुक्काम पडला, आणि दुसरे दिवशी सूर्योदयी कौमुदीबाई निशाण घेऊन पुढे जाहल्या आणि "आपला गाव, स्वच्छ गाव" म्हणोन ललकारी दिली, ती शेजारच्या कोंबड्यानेही मनावर घेतली नाही. गावकरी ओट्यावर चहा पीत बसले ते बसलेच. एक आजोबा म्हणाले, "पोरीला कुनीतरी पानी द्या रं." फौज हसली, आणि बाईंचे डोळे भरोन आले. मग सरलष्करांनी देवळापुढील अंगण झाडण्याचा हुकूम केला. ते अंगण पुजाऱ्याने पहाटेच झाडिले होते. परंतु तेथे तसबीर उत्तम निघे, म्हणोन दल दरसाल तेच झाडी.

बाईंनी पाहिले की खालचे आळीत नळाजवळचे गटार तुंबले आहे आणि बायका विटांवर पाय देत घागरी नेत आहेत. मग मनी विचार केला की, बिल्ला तर गेलाच, आता लाज कोणाची? आणि फावडे घेऊन थेट गटारात उतरल्या, आणि गुडघाभर रुतल्या, आणि एक चप्पल चिखलाने गिळली, तरी माघार म्हणोन नाही. दारात सोनाबाई जगताप उभ्या होत्या. आळीत त्यांचे शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्या बोलिल्या, "अगं ए पोरी, फोटूवाला तिकडं देवळाम्होरं हाय!"

"माहीत आहे, आजी. पण पाणी इथं तुंबलंय."

सोनाबाई पदर खोचोन गर्जल्या, "अगं सुमे, ए पारू, बघताय काय? परक्याची लेक चिखलात हुभी आन् आपण दारात! आणा घमेली!" मग काय विचारता! घमेली निघाली, खराटे निघाले, चहा टाकोन पुरुष निघाले, आणि पाणी जे सुटले ते खळखळत नाल्यास मिळाले, आणि आळीत एकच जयघोष जाहला. तो ऐकोन देवळापुढील फौज तसबीर अर्धी सोडोन धावत आली, आणि सरलष्कर बूट न काढिताच चिखलात उतरले.

त्यांनी खिशातून बिल्ला काढिला, तो लावणार तोच सोनाबाईंनी त्यांचा हात धरिला. "थांबा गुरुजी. पोरी, गटार पुन्ना तुंबनार. तू पुन्ना येशील का?" ऐसा सवाल दलास आजवर कोणी केला नव्हता, कारण दल एकदा गेले की पुन्हा फिरकत नसे. बाई बोलिल्या, "येईन." सोनाबाईंनी हात सोडिला. "मंग लावा गुरुजी. आता ही आमची झाली."

येणेप्रमाणे खालची आळी फत्ते जाहली. बाई दर महिन्यास धानवलीस जाऊ लागल्या, आणि मागोमाग लाजेकाजेस्तव दलही जाऊ लागले, आणि दंडक फिरला: नव्या गड्याने घोषणा द्यावी अथवा न द्यावी, परंतु ज्या गावी जावे, त्या गावी पुन्हा जावे. वर्तमान इतुके.