उत्तर न देण्याचा सराव

नाओया मिठाईचा खोका घेऊन खालच्या मजल्यावरच्या हामागुचीकाकूंच्या दारात गेला आणि खरं सांगायचं तर तिथंच सगळं बिघडलं. तोंडानं माफी मागून वर आला असता, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. पण ओसाकात माफी मागायला रिकाम्या हातांनी जायचं म्हणजे लग्नाला बनियनवर जाण्यासारखं. त्यामुळे स्टेशनजवळच्या चांगल्या दुकानातून गोड सारणाचे बन, वर सोनेरी कागद, अशी सगळी तयारी करून पठ्ठ्या गेला.

माफी कशाची, तर खडखडाटाची. इमारत जुनी, लाकडी, दुमजली. नाओया वर, काकू खाली. नाओया दिवसभर बाथरूमच्या टाइल्स विकायचा आणि संध्याकाळी घरी येऊन फायटिंग गेमचा सराव करायचा. त्याची जॉयस्टिक म्हणजे बटणांची चांगली जडशीळ पेटी. पेटी बुटक्या टेबलावर आणि टेबल थेट काकूंच्या डोक्यावर. तो लढायला लागला की खाली पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजत असणार, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

आणि सराव बंद करणं तर शक्यच नव्हतं! कामोमे गेम सेंटरची टीम शहराच्या स्पर्धेला निघाली होती. टीम तिघांची, त्यातल्या दोन जागा भरलेल्या. तिसरी जागा नाओयाला की फुजिनोला, ते दोन आठवड्यांनी रविवारी दोघांच्या लढतीत ठरणार होतं. फुजिनो भाजीवाल्याची मुलगी. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण खेळायला बसली की समोरच्याला सोलून ठेवायची. नाओया शाळेपासून कामोमेत पडीक, पण टीममध्ये एकदाही नाव नाही. दर वर्षी कडेला उभं राहून टाळ्या वाजवायचं काम मात्र त्याच्याकडे पक्कं. या वेळीही नंबर लागला नाही तर खेळच सोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

टीमची कॅप्टन शिओरी. दातांची डॉक्टर, आणि बोलणंही तसंच, भूल न देता.

"तुझी कीड कुठंय सांगू?" ती म्हणाली. "समोरच्याचा वार अडवलास की लगेच तू उलटा वार करतोस. दर वेळी. बघत नाहीस, विचार करत नाहीस, बटण दाबून मोकळा."

"मग काय करू डॉक्टर? त्यानं मारलं, मी मारलं. फिटंफाट!"

"फिटंफाट करायला हे काय किराणा दुकान आहे? काही वार असे असतात की ते अडवल्यावरही पाळी त्याचीच असते. तू मध्ये हात घातलास की त्याचा दुसरा वार तयारच. फुजिनोला हे पाठ आहे. ती मुद्दाम हलकासा वार करणार, तू उत्तर देणार आणि ती तुला लोळवणार. म्हणून आता सराव एकच. मशीनला मारू दे, तू अडव, आणि गप्प बस. उत्तर द्यायचं नाही. बघायचं. खरंच तुझी पाळी आली की मगच मारायचं."

सोपं वाटतं ना? नाओयाला वाटेना. त्याची बोटं ऐकायचीच नाहीत. म्हणून तासन्‌तास सराव, म्हणून खडखडाट, आणि म्हणून तो बनचा खोका.

काकू दारात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पण त्यांना काकूच म्हणायचं. आजी म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे.

"अरे, आवाज कसला? मला तर काही ऐकूच येत नाही!" त्या म्हणाल्या. "आणि हे काय आणलंस उगीच! कशाला त्रास घेतलास?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाओयानं जॉयस्टिक मांडीवर घेतली, तेवढ्यात दार वाजलं. काकू. हातात पिशवीभर संत्री.

"भाचा पाठवतो रे. एकटी मी किती खाणार? घे."

नाओयानं घेतली. रात्री आईला फोनवर सहज सांगितलं, तर आई उसळलीच. "संत्री घेतलीस आणि नुसता बसलायस? उत्तर कोण देणार? लोक म्हणतील, पोराला काही वळण नाही!"

झालं. दुसऱ्या दिवशी नाओया केक घेऊन खाली. काकूंनी बसवून घेतलं, चहा दिला, मग भाच्याचं लग्न कसं मोडलं ते सांगितलं. तो वर येईपर्यंत सरावाची वेळ संपलेली. पुढच्या दिवशी काकू भाजलेली बाम मासळी घेऊन हजर. मग नाओयाकडून उंची चहाची डबी. त्यावर काकूंकडून टॉवेलचा सेट. बरं, टॉवेलला तोलामोलाचं काय द्यायचं हे शोधायला गडी ऑफिस सुटल्यावर मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या भेटवस्तूंच्या काउंटरांवर भटकायला लागला. सगळा आठवडा असाच गेला आणि जॉयस्टिकवर धूळ बसली.

मग त्याला एक युक्ती सुचली. म्हणजे त्याला ती युक्ती वाटली. काकूंना आपण घरात आहोत हे कळलंच नाही, तर त्या येणार नाहीत! मग काय, बूट हातात घेऊन जिना चढायचा, दिवा लावायचा नाही, पाय न वाजवता चालायचं, नळसुद्धा धार बारीक करून सोडायचा. सरावाचं तर नावच नको. खडखडाटाबद्दल माफी मागायला गेलेला माणूस आता स्वतःच्याच घरात चोरासारखा अंधारात बसून कोरडे बन चावत होता.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. नाओयानं श्वास रोखला.

"नाओया! अरे, आहेस ना आत? बोलू नकोस हं, घशाला ताण पडेल!"

त्यानं दार उघडलं. काकूंच्या हातात लाकडी पेटी, पेटीत कापसावर ठेवलेलं खरबूज, त्याला रेशमी फीत. पेटीतलं खरबूज सुखासुखी कुणी देत नाही. ते आजाऱ्याला न्यायचं असतं.

"दिवा नाही, आवाज नाही," काकूंचे डोळे भरले होते. "म्हटलं पोरगं आजारी पडलं. मी सगळ्यांना सांगितलंय, काळजी करू नकोस."

आणि खरंच सगळ्यांना सांगितलं होतं! पाठोपाठ शेजारचा टॅक्सीवाला केळी घेऊन आला. कोपऱ्यावरची केस कापणारी बाई लापशीचं भांडं ठेवून गेली. घरमालक स्वतः अंडी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "झोप, झोप! उठू नकोस." आता तिथला रिवाज असा, की आजारातून उठलं की ज्यानं ज्यानं विचारपूस केली, त्याच्या त्याच्या घरी भेट पोचवायची. म्हणजे आधी नाओयाची देवाणघेवाण एका घराशी होती, आता अख्ख्या गल्लीशी. तीही न झालेल्या आजारासाठी.

शुक्रवारी तो कामोमेत गेला तो डोकं धरूनच. शिओरीनं सगळं ऐकलं. मधेच तिला हसू आवरेना, तेव्हा तिनं तोंडावर मास्क ओढला.

"सराव केलास का एवढंच विचारणार होते मी," ती म्हणाली. "पण तू तर आठवडाभर हरतच होतास की रे! काकूंनी दिलं, तू दिलंस. परत त्यांनी दिलं, परत तू दिलंस. तिथंही बटणच दाबत बसलास."

"मग काय, तसंच घेऊन बसू? तोंड कसं दाखवू त्यांना?"

"आभार मान आणि थांब. तुला तेच तर जमत नाही."

शनिवारी सकाळी नाओया खाली गेला. रिकाम्या हातांनी. हात इतके मोकळे मोकळे वाटत होते, की ठेवायचे कुठं ते कळेना, म्हणून पाठीमागे बांधले. वाकून नमस्कार केला आणि एका दमात सांगून टाकलं, "काकू, मी आजारी नव्हतो. तुम्हाला चुकवून अंधारात बसत होतो. खरबूज फार गोड होतं. तुम्ही एवढं केलंत त्याबद्दल मनापासून आभार. आणि... मी आता परत काही देणार नाहीये."

काकू काही बोलेनात. नाओयाच्या तोंडात 'पण केक आणतो' येऊन थांबलं होतं, ते त्यानं गिळलं. परत वर आलं, परत गिळलं. काकू हळूच पायरीवर बसल्या.

"म्हणजे, मी पण नाही दिलं तरी चालेल?"

"चालेल म्हणजे काय, धावेल काकू!"

"अरे देवा!" काकूंनी हाशहुश केलं. "अरे, माझी तर झोप उडाली होती! तू थांबतच नव्हतास. आता कपाटात नुसता नवऱ्याचा रेशमी किमोनो उरला होता, तो काढायच्या बेतात होते मी!"

दोघं इतकी हसली, की टॅक्सीवाल्यानं खिडकीतून डोकावून आजारी कसा आहे म्हणून विचारलं. मग काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तुझा तो खडखडाट चालू कर बाबा. खोटं कशाला बोलू, मला ऐकू येतो सगळा. पण वर कुणीतरी आहे असं वाटतं रे. मध्यंतरी आवाज बंद झाला, तर घर खायला उठलं."

नाओया एवढी वर्षं ज्याची लाज बाळगत होता, त्याचीच कुणी वाट बघत होतं. त्यानं पुन्हा एकदा खोल वाकून नमस्कार केला.

काकू नुसतं बोलून थांबल्या नाहीत. वरच आल्या आणि हातपंखा घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. नाओयानं त्यांना सराव समजावून सांगितला. मशीन मारणार, तो अडवणार, आणि त्यानं लगेच बटण दाबलं की काकूंनी पंखा हाणायचा. दुपारपर्यंत नाओयाचं मनगट लाल झालं. संध्याकाळपर्यंत पंखा लागायचा थांबला. मशीन मारत होतं, तो बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला दिसत होतं, की समोरच्याचा हात कधी खरंच रिकामा होतो.

रविवारी कामोमेत पाय ठेवायला जागा नव्हती. काकू केस सेट करून आलेल्या, पार पुढच्या रांगेत. नाओया आणि फुजिनो दोघांनी एकच लढवय्या निवडला. पडद्यावर सारखेच दोघे, एकाचे कपडे लाल, दुसऱ्याचे निळे. पहिला डाव फुजिनोनं घेतला, दुसरा नाओयानं. तिसऱ्यात पडद्यावर दोघांचाही जीव सुताएवढा उरला. आता ज्याला साधी टिचकी लागेल, तो संपला.

फुजिनोनं हलकासा वार केला. नाओयानं अडवला. सगळ्या कामोमेला माहीत होतं, की आता हा उत्तर देणार. फुजिनोलाही माहीत होतं. शिओरीनं तर डोळेच मिटले.

नाओयानं काही केलं नाही.

फुजिनो गोंधळली. तिनंही काही केलं नाही. दोघे लढवय्ये समोरासमोर नुसते उभे. अख्ख्या हॉलचा श्वास अडकलेला. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून काकूंचा आवाज फुटला.

"अरे, बघतोस काय! मार! मार आता!"

नाओयाचं बोट बटणावर गेलं. पण त्याला पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, की त्याची पाळी अजून आलेली नाही. तो थांबला. फुजिनोचा हात मात्र त्या आवाजासरशी उडाला. मोठ्ठी लाथ! नाओयानं ती अडवली, फुजिनो पार उघडी पडली, आणि मग त्यानं शांतपणे, अगदी किरकोळ, पोटरीवर एक छोटीशी लाथ घातली.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! शिओरीनं त्याला गदागदा हलवलं. "आलास रे! टीममध्ये आलास!" फुजिनो कपाळावर हात मारून हसत होती. "मी त्या आजींचं का ऐकलं?" ती म्हणाली. शिओरी म्हणाली, "बघ्यांचं ऐकणाऱ्यांवर माझ्याकडे इलाज नाही." काकूंना त्यातलं आजी तेवढं ऐकू आलं नाही.

गर्दीतून वाट काढत काकू नाओयापाशी आल्या. चेहरा अभिमानानं फुललेला.

"बघितलंस? मी ओरडले म्हणून! नाहीतर तो तुझा लाल कपड्यातला तसाच उभा राहिला असता. मी मार म्हटलं आणि कशी उचलून लाथ घातलीस तू, वा!"

लाल कपड्यातला फुजिनोचा होता. घरी नाओया नेहमी लाल घेऊन खेळायचा, आज त्याच्या वाट्याला निळा आला होता, आणि काकूंनी पूर्ण वेळ, अगदी जीव तोडून, फुजिनोलाच सल्ला दिला होता.

शिओरीनं मास्क नाकापर्यंत ओढला. तिचे खांदे हलत होते. नाओयाच्या तोंडात उत्तर तयार होतं. त्यानं काकूंकडे बघितलं, त्यांच्या सेट केलेल्या केसांकडे, ओरडून ओरडून लाल झालेल्या गालांकडे बघितलं.

मग तो वाकला आणि म्हणाला, "तुमच्यामुळेच जिंकलो, काकू. फार आभारी आहे."

आणि पुढे एक अक्षर बोलला नाही.