फाट्यावरचा चेहरा

हिंगोलीची एसटी धरायला साजीद डोंगरकड्याच्या फाट्यावर आला, तर वर फ्लेक्सवर तो स्वतःच हात जोडून उभा.

निरीक्षणगृह ते जिल्हा समिती!
आमचा साजीद
शुभेच्छुक: किसनराव व समस्त गावकरी

शाळकरी वयात त्यानं कुणाची तरी मोटारसायकल ‘फिरवायला’ नेली होती. पोलिसांची जीप थेट दारात आली, गल्ली गोळा झाली, आणि अम्मी कित्येक महिने नळावर गेली नाही. शेजारच्या किसनरावांनी हमी घेतली म्हणून पोरगं अल्पवयीन आरोपींच्या निरीक्षणगृहातून सुटून माणसांत आलं. आता जिल्हा अशा पोरांसाठी नवे नियम करणार होता, आणि त्यातून गेलेल्या एकाला आज सल्ल्याला बोलावलं होतं. साजीदला त्यात एकच नियम घालून घ्यायचा होता. कायद्यानं त्याचं नाव आणि चेहरा मात्र गुप्त राहणार होते. हे त्यानं किसनरावांना सांगितलंही होतं. पण ‘समिती’ ऐकताच ते फ्लेक्सवाल्याकडे निघून गेले होते.

साजीदनं चहावाल्याची शिडी लावली. दोरीची एक गाठ सोडली. आणि पोलिसांची जीप आली.

नवे हवालदार रामसिंग खालून म्हणाले, फ्लेक्स फाडल्यावरून गावं पेटतात, उतर.

“साहेब, हा मीच हाय.”

रामसिंगांनी वरचं तोंड पाहिलं, खालचं पाहिलं, मग ‘निरीक्षणगृह’ वाचलं.

“मग तर जीपमध्ये बसच.”

तेवढ्यात एसटी गेली. किसनराव धावत आले, सगळा खुलासा केला आणि हवालदारांनाच बजावलं, तुमच्यामुळं गाडी हुकली, आता तुमीच पोचवा.

म्हणून जीप. थेट हिंगोलीच्या कचेरीची पायरी. चहा टाकून धावलेले शिपाई, कारकून, अख्खी समिती. अध्यक्ष मंजुषा मॅडमनी काळजीनं विचारलं, “काय केलं यानं?”

साजीद पाठ केलेलं भाषण विसरला.

“काहीच न्हाई, मॅडम. पण जीप दारात आली की गल्ली हेच विचारती. पोरगं घरी येतं, तो सवाल जात न्हाई. जीप दारात नका आणू, एवढंच.”

मॅडमनी पेन उघडलं. रामसिंग हळूच बाहेर गेले आणि जीप फाटकाबाहेर लावून आले.

संध्याकाळी फाट्यावर फ्लेक्स तिथंच होता. नाव पुसलेलं, फक्त ‘आमचा’ उरलेलं. चेहऱ्याच्या जागी चिकटवलेले फेटेवाले किसनराव. खाली खुद्द किसनराव उभे, आणि एसटीतला एक परका प्रवासी खिडकीतून त्यांना म्हणत होता, म्हातारपणी का होईना सुटलात, बरं झालं.

“काका, हे काहून केलं?”

“तुझं तोंड दाखवायचं न्हाई म्हंतो ना कायदा? मग माझं. मला आता कोण पोरगी देऊन राहिलं?”

साजीदनं पुन्हा शिडी मागितली, वर चढला, आणि सकाळी सोडलेली गाठ घट्ट बांधली.