उष्णता ऑप्शनला

आमच्या पिंपळसावळी गावात विज्ञानाचे नियम दहावीच्या वर्गाच्या जबाबदारीवर चालतात. वर्गातल्या एका तरी मुलाला धडा येत असेल, तोवर त्या धड्यातला नियम गावात लागू असतो. कोणालाच येत नसेल, तर तो वेशीच्या आत बंद पडतो.

ही व्यवस्था जुनी आहे आणि बहुतेक वर्षं नीट चालते. जूनमध्ये नवा वर्ग ताबा घेतो, मार्चमध्ये विज्ञानाचा पेपर सुटला की मोकळा होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतो. मधले तीन महिने नियम नुसत्या सवयीने चालतात. त्या दिवसांत कुंपणावरून उडी मारलेलं मांजर जरा उशिरा जमिनीवर पोचतं, पण उन्हाळ्यात तशीही कोणाला घाई नसते.

आमच्या वर्षी आम्ही नऊ जण होतो आणि वर्गप्रमुख मी होते. म्हणून पेपरच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गावातली उष्णता बंद पडली, तेव्हा ठोंबरे सरांनी आधी मलाच बोलावलं.

"मोनाली, उष्णतेचा धडा कोणाकडे आहे?"

"असेल सर कोणाकडे तरी."

"नाव सांग."

मला नाव सांगता येईना. उष्णता मी स्वतः ऑप्शनला टाकली होती. मागच्या वर्षी तिच्यावर भरपूर मार्क आले होते, म्हणजे यंदा येणार नाही, असा माझा हिशेब होता. आपण कोणता धडा ऑप्शनला टाकलाय हे कोणी कोणाला सांगत नाही. विचारणंही वाईट दिसतं. त्यामुळे तोच हिशेब बाकीच्या आठही जणांनी केलाय, शेवटच्याने तर त्याच दुपारी, हे आम्हाला त्या दिवशी सरांच्या टेबलासमोर रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

गावात परिस्थिती अशी होती. गॅस पेटत होता, कारण रासायनिक अभिक्रिया आफरीन पठाणला चोख येत होत्या. ज्योत निळी, व्यवस्थित. पण वर ठेवलेलं पातेलं तासाभरानेही हाताने उचलता येत होतं. आरोग्य उपकेंद्रात ज्यांना ताप होता त्यांचा उतरेना आणि ज्यांना नव्हता त्यांना चढेना. शाळेतला थर्मामीटर तीस अंशांवर थांबला होता. ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिलं: 'पुढील सूचनेपर्यंत गावात काहीही तापणार, वितळणार अथवा उकळणार नाही. नागरिकांनी सहकार्य करावे.'

मंगळवारी सभा झाली. सरपंच कमलताई अध्यक्ष होत्या. पहिली तक्रार कुल्फीवाल्या भिकनचाचांची.

"पोरं सोमवारची कुल्फी अजून चोखतायत ताई. संपतच नाही. नवी घेणार कोण?"

"नोंद घेतली," कमलताई म्हणाल्या. "पुढचं."

पुढच्या सुमनकाकू बिरारे उठल्या. त्यांच्या वैशालीताईचं लग्न शुक्रवारी दुपारी होतं. चारशे माणूस जेवायला. मुलाच्या मामांनी फोन करून स्वच्छ सांगितलं होतं, तुमच्याकडे भात शिजत नसेल तर लग्न आमच्या गावात लावू.

"माझी लेक मी माझ्या दारातून देणार," काकू म्हणाल्या. "मला दुसरं काही म्हणायचं नाही."

बाहेरून शिजवून आणा, असं कोणीतरी सुचवलं. त्यावर उपसरपंचांनी आपल्या हातातला चहा सभेला दाखवला. तो त्यांनी सोमवारी सकाळी तालुक्याहून थर्मासमधून आणला होता. थर्मासमध्ये तो जराही निवला नव्हता आणि वेशीच्या आत आता निवणारही नव्हता. दोन दिवस त्यातून तशाच वाफा निघत होत्या आणि त्यांना अजून एकही घोट घेता आला नव्हता. चारशे माणसांना न निवणारं वरण वाढणं धोक्याचं ठरलं असतं. आणि बाहेरच गार करून आणायचं, तर दत्तू आचारी म्हणाला, "गार वरण मी लग्नात वाढत नाही. बारशालासुद्धा नाही वाढलेलं."

थोडक्यात, शुक्रवारच्या आत कोणीतरी धडा करणं भाग होतं.

मी सभेतच पुस्तक उघडलं. चूक माझी होती, मीच भरून काढणार होते. पण पेपर शनिवारी होता आणि डोकं काठोकाठ भरलेलं. दोन पानं आत गेली तशी भिंगांची दोन पानं बाहेर पडली. भिंगं आमच्यात एकट्या माझ्याकडे होती, हेही तेव्हाच कळलं. सभेतल्या सगळ्यांच्या चष्म्यांच्या साध्या काचा झाल्या. ठोंबरे सर "मोनाली, पुस्तक मिट!" असं खांबाकडे बघून ओरडले. मी मिटलं. वीस मिनिटांत चष्मे पूर्ववत झाले आणि सरांनी आदेश काढला: ज्यांची डोकी भरली आहेत त्यांनी नवीन धड्याला हात लावू नये.

मोकळं डोकं एकच होतं. समाधान बिरारे, सुमनकाकूंचा मुलगा, नवरीचा भाऊ. मागच्या वर्षी विज्ञानात नापास झालेला, म्हणून आमच्यासोबत शेवटच्या बाकावर बसणारा. त्याने दहापैकी नऊ धडे ऑप्शनला टाकले होते. एक 'अवकाश मोहिमा' तेवढा केला होता, आणि तो त्याला इतका येत होता की गावातल्या टीव्हीच्या सगळ्या डिश त्याच्या एकट्याच्या जोरावर चालायच्या.

"मी?" समाधान म्हणाला. "सर, मला मागच्या वर्षी या धड्यात शून्य होतं."

"म्हणजे जागा आहे," सर म्हणाले.

बुधवारी आम्ही आठ जण त्याला घेऊन बसलो. अडचण अशी की शिकवताना शिकवणाऱ्यालाही थोडं येतं, आणि ते आम्हाला चालणार नव्हतं. म्हणून आफरीन मोठ्याने वाचायची आणि कानात बोळे घालून स्वतः ऐकायची नाही. मी त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर सुरू झालं की बाहेर जायचे. तरी मध्येच कोणाला तरी चुकून एखादी व्याख्या समजायची आणि गल्लीतल्या कोणाची तरी मोटर बंद पडायची.

संध्याकाळपर्यंत समाधानने सोडवलेलं उदाहरण तोंडपाठ केलं. पाच किलो पाणी, तीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत, लागणारी उष्णता किती. एका दमात, उत्तराखाली दोन रेघांसकट.

गुरुवारी सकाळी मांडवात चाचणी घेतली. पाच किलो पाणी वाण्याच्या काट्यावर मोजून आणलं. ते तापलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर शंभर अंशांना थांबलं.

"उकळत का नाही?" दत्तू आचाऱ्याने विचारलं.

"पुढचं उदाहरणात नाही," समाधान म्हणाला.

साडेचार किलो ठेवून बघितलं. ढिम्म. सहा किलो, ढिम्म. पाच किलोत तांदूळ टाकले तर तापलेलं पाणी पुन्हा तीस अंशांवर आलं, कारण ते आता नुसतं पाणी नव्हतं, मिश्रण होतं, आणि मिश्रणाचं उदाहरण पुढच्या पानावर होतं.

"पोरा, माझं पातेलं साठ लिटरचं आहे," आचारी म्हणाला. "उद्या वऱ्हाडाला मी गरम पाणी वाढू का, पाच-पाच किलो?"

माझा संयम तसा कमीच आहे. "अरे पाठ कशाला करतोस!" मी मांडवभर ओरडले. "समजून घे ना! आकडे बदलले की बसलास, असं कसं चालेल?"

"तू समजून केलेलास का गं?" समाधान म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तू तर टाकलेलास."

बाकीचे सातही जण मांडवाच्या दोऱ्या बघायला लागले. मग मी म्हटलं, "नाही केलेला. मला आकडेही येत नाहीत. म्हणून विचारते, खरंच विचारते. पाच किलो तापतं, मग सहा का नाही?"

तो चुलीपाशी उकिडवा बसला. एकेक लाकूड जाळात सारून बघत होता. या वेळी मी बाहेर गेले नाही, कारण तो माझ्याशी बोलतच नव्हता.

"सहाला एक किलोचं लाकूड जास्त," तो शेवटी म्हणाला. "एवढंच असणार. साठला साठचं."

त्याने साठ लिटरचं पातेलं चढवायला सांगितलं. दुपारी पाणी कोमट झालं. पाठोपाठ गावातली सगळी पातेली हळूहळू कोमट व्हायला लागली. पण कुठेच काही उकळलं नाही आणि कुल्फ्याही वितळल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला वऱ्हाड येऊन शाळेत जानवशाला उतरलं. मुलाच्या मामांनी बूट न काढता पहिला प्रश्न विचारला, "भात झाला?" साडेदहाला पातेलं शंभर अंशांना आलं आणि तिथेच अडलं. सुमनकाकू नव्या नऊवारीचा पदर खोचून लाकडावर लाकूड घालत होत्या.

"अकरापर्यंत बघू," मामा फाटकातून म्हणाले. "मग गाड्या वळवू. मुलगी गाडीत बसवा, सगळे आमच्याकडे चला."

वैशालीताई मुंडावळ्या बांधून दारात उभी होती. ती समाधानला म्हणाली, "दादू, टेन्शन नको घेऊ. तिकडं पण लग्नच लागणार आहे." हे ऐकून समाधानचं तोंड अजून उतरलं.

"हे बघ," काकू त्याला म्हणाल्या, "लाकूड जळतंय, मला दिसतंय. पाणी आणखी तापत नाही, ते पण दिसतंय. मग लाकूड जातंय कुठं? मला एवढं सांग, तुझं पुस्तक ऱ्हाऊ दे."

समाधानने पातेल्याकडे बघितलं, मग फाटकाकडे. तिथून त्याचे वडील सकाळपासूनच्या सातव्या खेपेला जानवशाकडे निघाले होते.

"आई, मांडव किती भरलाय?"

"कुठं भरलाय? रिकामाच आहे."

"आणि अण्णा किती दमलेत?"

"दमतील नाहीतर काय? वऱ्हाड का एका हाकेत उठतं? एकेकाला हाताला धरून आणावं लागतं. कोणाला टोपी सापडत नाही, कोण रुसलेलं असतं."

"मग अण्णांचे हेलपाटे कुठं गेले?"

"उठवण्यात गेले की!"

"पाण्याचं तसंच आहे," समाधान सावकाश म्हणाला. "सगळं पाणी तापून बसलंय. आता एकेक कण उठवून वाफेत न्यायचाय. लाकूड हेलपाट्यांत जातंय, आई. म्हणून आकडा हलत नाही. वाया नाही जात."

पहिला बुडबुडा काठाशी आला. मग मधोमध. मग पातेलं असं खळखळलं की दत्तू आचारी तांदळाची परात घेऊन धावला.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी पिंपळसावळीतलं सोमवारपासूनचं सगळं दूध एकदम उतू गेलं. पोरांच्या हातातल्या कुल्फ्या कोपरापर्यंत ओघळल्या आणि भिकनचाचांची घंटा लगेच वाजली. उपसरपंचांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि साखर कमी असल्याचं सांगितलं. मामांनी बूट काढले.

लग्न दारात लागलं. चारशे माणसं जेवली. मामांनी भात तीनदा मागून घेतला.

शनिवारच्या पेपरात उष्णतेवर पाच मार्कांचा प्रश्न आला. आम्ही आठ जणांनी तो सोडला. समाधानने जानवशासकट लिहिला. तपासणाऱ्यांनी त्याला किती दिले कळायला मार्ग नाही, पण विज्ञानात तो अडतीस मार्क मिळवून पास झाला.

त्या दिवशी पेपर सुटल्यावर आम्ही रीतीप्रमाणे संध्याकाळपर्यंत सगळं विसरलो. मी तर आता तालुक्याला बीएस्सी करते आणि भिंगं पहिल्यापासून शिकते आहे. समाधान मात्र उष्णता विसरला नाही. सरांनी पेपरनंतर त्याला दोनदा बोलावून सांगितलं, की तू आता मोकळा आहेस, विसर. त्याने प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हा जूनमध्ये नव्या वर्गाच्या तक्त्यावर उष्णतेसमोर सरांनी 'स. बिरारे, कायम' असं लिहिलं. नव्या मुलांनी तो धडा तत्काळ ऑप्शनला टाकला. याचा मला राग येतो, आणि मी तसं त्यांना जाऊन सांगितलंही आहे.

समाधान आता चाकणला एका कारखान्यात भट्टीवर आहे. वेशीबाहेरून चालेल का, अशी शंका पंचायतीने काढली होती, पण चालतं. सुमनकाकू रोज संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी त्याला फोन लावतात. जेवलास का विचारतात, वैशालीची खुशाली सांगतात.

"आणि ते लक्षात आहे ना रे?"

"आहे आई. टाक तांदूळ."