चांदणीवाली गाडी आणि देवराव भाऊजींच्या चपला

तुम्ही गाडी घेऊन आमच्या देवराव भाऊजींच्या घरी गेलात, तर ते आधी तुमच्याकडे बघणार नाहीत. तुमच्या गाडीकडे जातील. तिचं पुढचं दार उघडतील, मान जरा तिरपी करतील, डोळे मिटतील आणि दार लावतील. मग डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो, तसे क्षणभर स्तब्ध. त्यानंतर निकाल: "पिपा." किंवा "पेटी." किंवा, नशीब जोरावर असलं तर, "बरं हाये." तुम्हाला पाणी मिळणार ते यानंतर.

माझी पहिलीवहिली गाडी मी अकोल्याहून अमरावतीला त्यांना दाखवायला नेली होती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर बायकोनं काढलेलं स्वस्तिक, हातात पेढे. भाऊजींनी रंग बघितला नाही, सीट बघितली नाही. दार लावलं आणि डोळे उघडून म्हणाले, "सालेसाहेब, तेलाचा पिपा हाये हा. पेढे मातर चांगले आनले."

बायको परतीच्या रस्त्यात मूर्तिजापूरपर्यंत बोलली नाही. आणि मी? तेव्हापासून मी त्या गाडीचं दार इतक्या हळू लावतो, की निम्म्या वेळा ते लागतच नाही आणि समोरचा लाल दिवा बोंबलत राहतो.

देवराव भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. वाहन म्हणाल तर एक स्कूटर. ती सुरू करण्याआधी एका बाजूला कलंडवावी लागते, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. दुसरी गाडी त्यांनी घेतली नाही. "घेईन तं तेच. नाही तं स्कूटर जिंदाबाद."

'ते' म्हणजे एका जर्मन कंपनीची गाडी. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण भाऊजीही ते घेत नाहीत. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तितक्याच निष्ठेनं. फार झालं तर म्हणतील, "चांदणीवाली."

"तीन टोकं काहून हायेत चांदणीले? एक जमिनीसाठी, एक पान्यासाठी, एक आभाळासाठी. तिन्हीकडं आपलंच इंजिन चालावं, असं ठरोलं त्या लोकायनं. आन् गाडीले नाव कोनाचं देलं? मालकाचं नाही, इंजिनेराचं नाही. गाडी विकनाऱ्या एका मानसानं आपल्या पोरीचं नाव देलं! लोक पोरीले गाडीत बसवून वाटे लावतात. यानं गाडीलेच पोरगी केली."

हे सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा खाली जातो. मग ठोकर लागली तर ती गाडी पुढून स्वतः कशी चेपते आणि आतल्या माणसाला कशी चेपू देत नाही, हे ते ताटातल्या भाकरीवर दाखवतात. भाकरीचा कडेचा भाग चुरगळतो, मधला पापुद्रा शाबूत. एखादी भाकर जाड झाली, की "जर्मनीत असं नाही चालत."

ताई तव्यावरून नजर न हलवता म्हणते, "मंग जर्मनीतूनच बोलवा न भाकर."

या भक्तीची सुरुवात मी पाहिलेली आहे. तेव्हा ती सुरुवात आहे हे कळलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मला कुठलीच गोष्ट वेळेवर कळल्याचा घरात पुरावा नाही.

ताईचं नवीन लग्न झालं होतं आणि मी कॉलेजात होतो. सणासुदीला बहिणीला माहेरी आणायला जाणारा मुराळी मीच. भाऊजींच्या आईला सगळे मोठ्याबाई म्हणत. बोलायला फार गोड आणि सोडायला फार कठीण. "आला काय रे बाप्पा! बस, जेव. पाठोलं असतं मी तिले, पन कुरडया राहिल्या न." पुढच्या वेळी पापड राहिलेले. त्याच्या पुढच्या वेळी लोणचं. मी जेवत असायचो. ताई गॅसजवळून माझ्याकडे बघायची, मी ताटाकडे बघायचो आणि भाऊजी पेपराकडे. एकदा तर ताईनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. माझ्यादेखत ती पुन्हा आत नेऊन रिकामी केली.

त्या दिवशी भाऊजी मला स्टँडवर पोचवायला आले. चहा पाजला. मग एकदम म्हणाले, "सालेसाहेब, जगातली पयली मोटार पयल्यांदा लांब गेली, ते कुठं गेली, माईत हाये?"

"लढाईवर?"

"मायेरी गेली."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"त्या इंजिनेराले गाडी बनोता आली, पन रस्त्यावर न्याची हिंमत होत नोती. लोक हसत. त्याची बायको एक दिवस सकाळीच उठली, दोन पोट्टे घेतले, नवरा झोपून होता, त्याले इचारलं नाही, कोनालेच इचारलं नाही. गाडी काढली आन् निंगाली मायच्या घरी. तीन चाकाची गाडी."

"म्हणजे ऑटो," मी म्हणालो.

"ऑटोच म्हना. पन बडनेऱ्याच्या ऑटोवाल्यायले सांगू नका, ऐकनार नाहीत मंग ते कोनाचं." ते हसले नाहीत. "रस्त्यात तेल सरलं, तं औषधाच्या दुकानातून कपड्याचे डाग काढाचं औषध घेऊन टाकीत वतलं. नळी तुंबली, तं टोपीची पिन घातली. ब्रेक झिजले, तं चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढ आला, तं पोट्ट्यायनं ढकललं. अंतर केवढं? अमरावतीहून अकोला, तेवढंच धरून चाला. दिवस बुडता मायच्या दारात उतरली, आन् मंग नवऱ्याले तार केली, पोचली म्हून."

बस लागली. त्यांनी माझ्या हातात संत्र्यांची पिशवी दिली. बसचं दार खडाड करून आपटलं, तेव्हा ते डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, ताईचं कसं होणार! माणूस डोक्यानं हुकला आहे.

पुढे मोठ्याबाई गेल्या. आशू झाली. इतरांच्या लेकरांना चिऊ-काऊच्या गोष्टी, आमच्या भाचीला त्या जर्मन बाईची. पोरगी 'पिन' म्हणायला शिकली ती 'पाणी' म्हणण्याच्या आधी, असं ताई सांगते. आशू अठराची झाली, तसं भाऊजींनी तिला मोटार ट्रेनिंगच्या क्लासमध्ये घातलं. मास्तर पुढे, आशू स्टेअरिंगवर आणि मागच्या सीटवर भाऊजी. स्कूटरचं हेल्मेट घालून.

"काका, मागे हेल्मेट लागत नाही," मास्तर म्हणाला.

"चांदणीवाली असती तं काढलं असतं," भाऊजी म्हणाले.

आणि एक दिवस चांदणी खरोखरच त्यांच्या गल्लीत उगवली. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी ती गाडी घेतली. स्वतःच्या कमाईची, स्वतः चालवायला. भाऊजी तीन दिवस नुसते समोरून गेले. चौथ्या दिवशी धीर करून फाटकात उभे राहिले. "मॅडम, एक डाव दार लावून पाहू काय?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "नुसतं दार काय काका, बसा. चक्कर मारून येऊ."

मी त्या दिवशी तिथंच होतो. ते दार लागलं तेव्हा मीही ऐकलं, आणि लिहायला लाज कसली, माझ्याही अंगावर काटा आला. आवाज असा नव्हताच. उशीवर डोकं टेकावं तसं काहीतरी झालं: थप्प. रस्ता, कुत्री, समोरच्या लग्नातला डीजे, सगळं बाहेर राहिलं. आत फक्त आपण आणि आपला श्वास. मी अजाणता पोट आत घेतलं.

भाऊजी मात्र पाठ न टेकता बसले होते. पाय अनवाणी. चपला त्यांनी रस्त्यावरच काढून ठेवल्या होत्या, जोडीनं, गाडीकडे तोंड करून. आम्ही चक्कर मारून आलो, तोवर त्यातली एक कुत्र्यानं पळवलेली.

"देवाच्या दारातून चप्पल गेली तं पीडा जाते," म्हणत ते उरलेली एक हातात घेऊन, प्रसन्न चेहऱ्यानं घरी गेले.

तर असा माणूस. त्याच्या एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरलं, मुलगा अकोल्याचा. भाऊजींनी सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगून ठेवलं होतं, की आशूसाठी एक दिवस दारात चांदणीवाली उभी करीन. त्यात मी, तोंडाला झाकण नसलेला मामा. मुलाकडच्यांना मी परस्पर कळवून टाकलं, की पाठवणी जर्मन गाडीतून आहे.

पाठवणीच्या वेळी मंगल कार्यालयासमोर आली ती एक साधी पांढरी भाड्याची गाडी. गुलाबाच्या माळा, मागे नावांचा कागद. वऱ्हाडी मंडळी टाचा उंचावून रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली. मग नवरदेवाच्या काकांनी मला गाठलं. "काहो मामा, चांदनी ढगाआड गेली काय?"

आशू आईच्या गळ्यात पडून रडली, मग गाडीत बसली. भाऊजींनी दार लावलं. खण्ण. त्यांनी पिपा म्हटलं नाही, पेटी म्हटलं नाही.

मी चिडून त्यांना बाजूला घेतलं. "भाऊजी, असं काहून केलं? मॅडम नाही म्हणाल्या का?"

"मी इचारलंच नाही."

"मग आयुष्यभर बोंबलले कशाले?"

"सालेसाहेब," ते धुरळ्याकडे बघत म्हणाले, "ते गाडी पोरीले न्यासाठी नाही हाये."

मला काही कळलं नाही. ते रीतीला धरूनच झालं.

मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतर नवरी पहिल्यांदा माहेरी येते त्या दिवशी, सकाळी भाऊजींचा फोन आला. "सालेसाहेब, आशूच्या घरी या. मी आनाले येऊन राहिलो तिले. तुमी मामा हा, पायजे तुमी."

मी आशूच्या सासरी पोचलो, तर अर्धी गल्ली फाटकाशी जमलेली आणि मधोमध ती. काळी, शांत, नाकावर चांदणी. जरीकाठाच्या साडीत एखादी मोठी मावशी अंगणात येऊन उभी राहावी, तशी. डॉक्टर मॅडम स्वतः ती घेऊन आल्या होत्या. शेजारी भाऊजी, अनवाणी.

आशू बाहेर आली आणि भाऊजींनी किल्ली तिच्यापुढे धरली. ती मॅडमकडे बघायला लागली.

"घे ग," मॅडम म्हणाल्या. "तुझे बाबा मागच्या आठवड्यात माझ्याकडे आले. केसपेपर काढून, रांगेत बसून. नंबर आल्यावर मला तुझी जर्मन बाई सांगितली. मी मागे बसते. माझ्याच गाडीत मागे बसायला मला कधी मिळालं नाही."

आशूच्या सासूबाई दारात आल्या. त्यांनी विचारलं ते साधंच, आणि चांगल्या मनानं. "परत केव्हा येशील बेटा?"

मी भाऊजींकडे बघितलं. ते सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

आशू म्हणाली, "फोन करते न आई." तिनं बाबांच्या चपला उचलल्या, पळवायला कुत्रं नको म्हणून डिकीत टाकल्या आणि स्टेअरिंगवर जाऊन बसली.

पुढे जवाईबापू, मागे मॅडम, भाऊजी आणि मी. माझ्या आकारामुळे भाऊजींना अंग चोरून बसावं लागलं, पण ते एरवीही तसेच बसले असते. बोरगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला. आशूनं गाडी जरा सोडली आणि ती गेली. गेली म्हणजे काय, आम्ही जागीच होतो, शेतंच मागे सरकत होती. मूर्तिजापुरात भाऊजींनी एका मेडिकलसमोर गाडी थांबवायला लावली, आत जाऊन खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला कोणालाच नव्हता. आशू आरशात बघून हसली.

अमरावतीत घरासमोर गाडी उभी राहिली. ताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात. तिनं लेक-जवायावरून तुकडा ओवाळला, तो टाकायला माझ्या हातात दिला, आणि पदरानं डोळे पुसता पुसता गाडीकडे बघत राहिली.

"आई, बस," आशू म्हणाली.

"मी कुठं बसू वं? भाजी गॅसवर हाये."

"भाजी मी पाह्यतो," भाऊजी म्हणाले. घरातलं भांडं कुठं ठेवतात हे माहीत नसलेला माणूस!

ताई दारापाशी गेली. खाली बघितलं, आणि चपला काढायला लागली. भाऊजी झटकन पुढे झाले.

"नाही, नाही. चपला घालूनच बस."

"तुमी तं काढता."

"माहं सोड. तू घालून बस. मानसाले जाचं असलं तं चपला पायात पायजेत." मग थांबून म्हणाले, "मी तव्हा पेपर वाचत बसलो."

ताईनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि ती चपलांसकट आत बसली. भाऊजींनी दार लावलं. थप्प. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. काचेआड ताई काहीतरी म्हणाली. ओठ हलले, पण त्या गाडीतून आवाज बाहेर येत नाही. मॅडम मागेच बसून राहिल्या होत्या. आशूनं गाडी वळवली आणि तिघी गेल्या.

फाटकात आम्ही तिघं उरलो. जवाईबापू, भाऊजी, आणि हातात भाकरतुकडा घेतलेला मी. आतून भाजी लागल्याचा वास येत होता.

"कुठं गेल्या?" जवाईबापूंनी विचारलं.

"इचाराचं नसते, जवाईबापू," भाऊजी म्हणाले.

रस्ता रिकामा झाला, तरी ते हलेनात. ऊन चढलं होतं आणि ते तापल्या डांबरावर एक पाय उचलत, एक टेकवत उभे होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"भाऊजी, तुमच्या चपला डिकीतच गेल्या."

"जाऊ द्या," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "माह्या जाऊ द्या."