चार नंबरला वनमाला

रिमोट विमलबाईच्या हाती द्यायचा असं गल्लीने ठरवलं, तेव्हा तो निर्णय मोठा शहाणपणाचा वाटला होता. (गल्लीचे सगळेच निर्णय पहिल्या दिवशी तसे वाटतात.)

शिरूर कासारच्या या गल्लीत दिवाळी सरली की दारांना कुलपं लागतात. माणसं टोळी करून ऊसतोडीला निघतात. कोयते, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, लेकरं असं सगळं ट्रॅक्टरवर चढतं आणि मागे उरतात कुत्री आणि विमलबाई. तिचा नवरा कधीच देवाघरी गेला, लेक गेवराईला सासरी. घरात एक शिलाई मशीन, आणि तेही गल्लीतल्या बाया गेल्या की मुकं. उसाच्या फडात ब्लाउज कोण शिवून मागवतंय?

मागच्या साली अशाच रिकाम्या गल्लीतून कोणीतरी पाण्याची मोटार उचलून नेली आणि विमलबाईला पत्ता लागला नाही. तिच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीवरचा हा एकमेव डाग. एरवी कोणाकडे पाहुणा आला, त्याने चहा सगळा प्याला का अर्धा ठेवला, हे तिला त्या घरच्या बाईच्या आधी कळायचं.

म्हणून यंदा सगळ्यांनी मिळून कॅमेरे बसवले. बाजारात दुकान असलेला मतीन शिडी घेऊन आला. एक कॅमेरा बोअरजवळ लावला, दुसरा वनमालाच्या दारासमोर, तिसरा मागच्या गोठ्यांवर. चौथा उरला. तो कुठं लावावा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी विमलबाईच्याच दारावर ठोकला. चारही जागचं चित्र विमलबाईच्या टीव्हीत.

“मावशी, एक दाबलं की बोअर,” मतीन समजावू लागला. “दोनला वनमालाकाकूचं दार, तीनला गोठे, चारला तुमचा सोताचा वटा. बाकी बटणांना हात लावायचा न्हाई.”

“कावून?”

“कावून म्हंजे? न्हाई लावायचा.”

तेवढ्यात वनमाला बोलली. वनमाला म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोघींची चूल वेगळी, बाकी सगळं एकच. ती सगळ्यांदेखत म्हणाली, “विमलला कशाला पायजे क्यामेरा? आजवर तिनं फुकटात समदं बघितलंच की!”

गल्ली पोट धरून हसली. विमलबाईही हसली. घरी आली, दार लावलं, आणि मग तिला ते बोलणं लागलं. काही माणसांना बोलणं उशिरा लागतं, पण लागलं की चांगलं खोलवर लागतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला तरी विमलबाई बाहेर आली नाही. आतून कडी घातली, मशीनवर बसली आणि पाय मारत राहिली. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, पण आवाज असा की जणू साऱ्या तालुक्याची लग्नं तिच्या एकटीवर येऊन पडली होती. मनात एकच. वनमालाने यावं आणि म्हणावं, “विमल, येते गं.” एवढं म्हटलं असतं तरी कडी निघाली असती. कोणी आलं नाही. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला, मग मशीन थांबलं. वनमाला एक शब्द न बोलता गेली होती.

त्यानंतर गल्लीत जी शांतता पसरली, ती विमलबाईच्या अंगावर आली. पाळत ठेवायला आता यंत्र होतं, पण पाळत ठेवावी असं माणूस नव्हतं. एक दाबलं की बोअरजवळ कुत्रं झोपलेलं. दोन दाबलं की वनमालाचं कुलूप. तीनला रिकामे गोठे. चारला आपला वटा, त्यावर कोणी बसलेलं नाही. परत एक. कुत्र्याने कूस बदललेली. (त्या दिवशीची ही मोठी बातमी. सांगायची कोणाला?)

दोन नंबरवर तिचं बोट जास्त वेळ राहायचं. “बस तशीच कुलूप लावून,” ती टीव्हीला म्हणायची. “मीबी बोलणार न्हाई.” कुलूपही बोलायचं नाही.

एकदा तिला वाटलं, निदान आपण तरी टीव्हीत दिसावं. ती बोअरजवळ जाऊन कॅमेऱ्याखाली उभी राहिली, पदर सावरला, आणि पळत घरी येऊन टीव्ही पाहिला. दिसेना. परत गेली, या वेळी दोन्ही हात वर केले, परत पळत आली. तरी दिसेना. शेवटी मतीनला फोन लावला.

“मतीन, तुझा क्यामेरा खराब हाय रे. त्यात मी येत न्हाई.”

मतीनने सगळं ऐकून घेतलं. “मावशी,” तो म्हणाला, “तुमी येकतर तिथं ऱ्हाताल, न्हाईतर इथं. दोन्हीकडं कशा ऱ्हाताल?”

विमलबाईने फोन ठेवला. हे तिला पटलं, पण आवडलं नाही.

अशात पंधरवडा गेला. एका दुपारी ती परातीत पीठ मळत होती आणि मधूनच पिठाच्या हाताने रिमोट दाबत होती. बटणं पांढरी होऊन आकडे दिसेनात. दोन समजून तिने कुठलंतरी बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग चारही चित्रं एकदम चार चौकटींत उजळली, आणि विमलबाईच्या हातातला गोळा परातीत पडला.

गल्ली भरली होती! ट्रॅक्टर उभा. पेट्या, हंडे, लेकरं. वनमालाचा नवरा सिदू दोर ओढतोय. बाया एकमेकींच्या अंगावर ओरडतायत (आवाज नव्हता, पण या बाया ओरडतायत हे बघूनही कळतं).

“आले!” विमलबाई म्हणाली. मग तिचं डोकं चालू लागलं. मधूनच टोळी आली म्हणजे मुकादमाशी वाजलं असणार. वाजवलं असणार सिदूनेच, तो तापटच. तिला एकदम बरं वाटलं. सिदूचं भांडण झालं याचं वाईटही वाटलं, पण ते नंतर.

ती उठली आणि लगेच बसली. आपण का जायचं? येऊ दे तिला.

आणि वनमाला आली! चार नंबरच्या चित्रात थेट विमलबाईच्या दाराशी येऊन उभी राहिली. कडीला हात घातला. कडी वाजवली. विमलबाईने कान टवकारले. काही नाही. चित्रात वनमालाने परत कडी वाजवली, चांगली जोर लावून. घरात चिडीचूप.

“कान गेले का काय माझे!” विमलबाईने घाबरून कानाजवळ ताट वाजवलं. ताट खणखणीत ऐकू आलं. म्हणजे ताट ऐकू येतं आणि शेजारीण ऐकू येत नाही.

आता मात्र तिचा ताठा गळाला. बाहेरून टोळी आली की मागे राहिलेल्या माणसाने तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मगच आलेल्याने उंबरा ओलांडायचा, ही गल्लीची रीत. सकाळची भाकरी होती. तिने तुकडा मोडला, तांब्या घेतला आणि धाडकन दार उघडलं.

वटा रिकामा. गल्ली रिकामी. फक्त ऊन.

ती आत पळाली. टीव्हीत वनमाला दारातच! ती बाहेर पळाली. कोणी नाही. आत, वनमाला. बाहेर, ऊन. अशा तीन-चार खेपा झाल्यावर तिला वाटलं, रुसून भिंतीआड लपत असणार.

“वनमाले, पुरं झाला रुसवा!” ती रिकाम्या गल्लीत ओरडली. “म्या चुकले, जा! तुझ्याबिगर गमत न्हाई मला. आता तरी ये समोर!”

आणि समोर कोणी येईना म्हणून तिने मोकळ्या दारावरूनच तुकडा ओवाळला आणि टाकला. बोअरजवळचं कुत्रं उठून आलं, तुकडा खाल्ला आणि पुढच्याची वाट बघत बसलं. निदान कोणीतरी आलं म्हणून तिने त्याच्यावरून पाणीही ओवाळलं.

“किसको ओवाळ रई गे, विमलबाई?”

पेरूचा गाडा घेऊन रहिमाबी उभी होती. रोज दुपारी ती या गल्लीतून जायची. आता गिऱ्हाईक नव्हतं तरी सवयीने यायची.

“वनमाला आलीय!” विमलबाईने तिला हाताला धरून आत ओढलं. “ही बघ!”

रहिमाबीने डोळे बारीक करून पडदा पाहिला. वनमाला पाहिली, ट्रॅक्टर पाहिला, आणि ट्रॅक्टरच्या मागे पेरूचा गाडा पाहिला. गाड्याशी एक बाई लेकरांना पेरू वाटत होती.

“या अल्ला!” रहिमाबी किंचाळली. “ये तो मैं हूँ! मैं इदर बी हूँ, उदर बी हूँ!” आणि ती दाराशी जाऊन आपला गाडा जागेवर आहे का ते बघून आली.

परत मतीनला फोन. मतीन हसला नाही, हे त्याचे उपकार. “मावशी, ते जुनं चालू झालंय. टोळी गेली त्या दिवसाचं.”

विमलबाई खाली बसली. टोळी गेली त्या दिवसाचं. म्हणजे वनमाला आली होती. दाराशी उभी राहिली होती, कडी वाजवत होती, आणि ती आत बिनदोऱ्याचं मशीन हाणत होती.

रहिमाबीने गपचूप एक पेरू तिच्या हातात ठेवला आणि ती गेली. विमलबाईने डोळे पुसले (पीठ डोळ्यांत गेलं, ते वेगळंच) आणि वनमालाला फोन लावला.

“वनमाला, तू निघायच्या दिवशी माझी कडी वाजिवलतीस?”

“किती येळ! तुझं मशीन बंद हुईल तर.”

“मला वाटलं तू न बोलता गेलीस. येते म्हणायला आलतीस व्हय गं?”

“माझा तवा न्ह्यायला आलते,” वनमाला म्हणाली. “तुझ्याकडंच ऱ्हायला. हितं दुसरीच्या तव्याची वाट बघून भाकरी करतीय मी.”

विमलबाईने चुलीकडे पाहिलं. तवा चुलीवरच होता.

“आन् येतेबी म्हणणार व्हते,” वनमाला म्हणाली. “तवा हातात आल्यावर.” मग म्हणाली, “पर मला येक सांग, तू आत्ता कुत्र्याला कशापायी ओवाळलंस?”

विमलबाई गार पडली. “तुला काय ठाव?”

“अगं, मतीननं आमच्या ह्यांच्या मोबाइलातबी जोडून दिलंय की. गाडीची वाट बघत समदी टोळी हितं बांधावर बसलीय. रोज बघताव. घराकडची लई सय येती, मग येक दाबा, दोन दाबा. पर गल्लीत दिसायला हाय कोण? येकला तू हात वर करून हुबी, चारला तूच वट्यावर. लेकरं तर म्हणतेत, विमलकाकी लावा.”

त्या रात्री विमलबाईने टीव्ही बंद केला आणि किती दिवसांनी तिला लवकर झोप लागली.

सकाळी तिने लेकीच्या लग्नातली जरीची साडी काढली, अंबाडा घातला, पावडर लावली, आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर, वनमालाच्या दारात, नीट ताठ उभी राहिली. टोळी बांधावर बसायची वेळ झाली तशी गालात हसू आणलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

“काय गं वनमाला, दिसले का मी?”

“दिसलीस की. साडी लई झ्याक हाय.”

“मग?”

“मग जरा बाजूला सर, बाई. आमचं घर बघायचंय.”